आलूबोंड्याचा दंड

ज्योत्सना नान्हेच्या ऑफिसात एका शब्दाला दंड होता. शब्द काही शिवी नव्हता. भंडारा जिल्ह्यात माणूस जन्मल्यापासून मरेपर्यंत उठता-बसता उच्चारतो तोच: राहिलं. जाऊन राहिलो, खाऊन राहिली, पोट्टं रडून राहिलं. पुण्याशी कॉल चालू असताना हा ज्याच्या तोंडून निसटेल, त्यानं कॉल संपल्याबरोबर जिना उतरायचा आणि सगळ्यांसाठी आलूबोंडे आणायचे. नियम ज्योत्सनानंच काढलेला. रुचिता नावाच्या मुलीचं काम दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका पकडायचं, त्यामुळे ही पोलीसगिरीही आपोआप तिच्याकडे आली होती. शब्द निसटला की ती काही न बोलता नुसतं एक बोट वर करायची. बोट वर गेलं की दंड ठरला.

ऑफिस खात रोडवर, हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर. खाली दिवसभर पाइप आणि अँगल आपटायचे, वर सहा माणसं कॉम्प्युटरपुढे मान खाली घालून बसायची. कंपनी पुण्याची. मोठ्या शहरातली पोरं बघता बघता नोकरी सोडून पळतात, लहान गावची टिकतात, असं तिथल्या कुणा शहाण्याच्या डोक्यात आलं आणि भंडाऱ्याला शाखा निघाली. शाखा म्हणजे सहा खुर्च्या, एक इन्व्हर्टर आणि टीम लीड ज्योत्सना.

ज्योत्सना मूळची पवनीची, ढिवराच्या घरची. बाप फकिरा वैनगंगेत जाळं टाकायचा, आई बायाबाई बाजारात मासे विकायची. नागपुरात शिकून पोरगी पुण्याला नोकरीला लागली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या मैत्रिणीनं फोनवर विचारलं, कुठे आहेस? ही म्हणाली, "मेसमध्ये. जेवून राहिली." पलीकडून प्रश्न आला, "जेवून कुठे राहिलीस? मुक्कामाला?" आणि तिकडे तिच्यामागे बसलेल्या सगळ्या पोरी खदखदून हसल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ते हसणं हिच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं ते अडकलंच. काही महिन्यांत तिनं जीभ घासून-पुसून लख्ख केली. मले-तुले गेलं, काहून गेलं, राहिलंही गेलं. पुढे कुणी "तू पुण्याचीच का?" असं विचारलं, की ती हो म्हणत नसे आणि नाहीही म्हणत नसे.

म्हणून लीड होऊन भंडाऱ्याला परतल्यावर तिनं ठरवलं, आपल्या पोरांना कुणी हसता कामा नये. हेतू चांगला होता. हे आताच सांगून ठेवलेलं बरं, कारण वाईट हेतूनं नासधूस करायला माणसाला हिंमत लागते. चांगल्या हेतूनं ती बसल्याजागी होते.

दंडाचा सगळ्यात जास्त जाच झाला तो सुगत रामटेकेला. सुगत सानगडीचा. टीममधला सगळ्यात पक्का प्रोग्रॅमर. हैदराबादची नोकरी सोडून तो इथे आला होता, कारण आई सुमनबाईची नजर दिवसेंदिवस जात होती आणि नागपूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तिला नेणारं-आणणारं दुसरं कोणी नव्हतं. त्याच्या विद्येची दुसरी नोकरी भंडाऱ्यात शोधूनही सापडली नसती. ही गेली तर पुन्हा हैदराबाद, आणि सुमनबाई सानगडीत एकटी भिंत चाचपत.

सुगत मुळातच कमी बोलणारा. पुण्याच्या कॉलवर तर आणखी कमी, कारण तिथे प्रत्येक वाक्य आधी मनात धुऊन काढायचं आणि मग बाहेर सोडायचं. तरी एखादं मळकं निघायचंच. आलूबोंडे बहुतेक तोच आणायचा. आणताना हसायचाही. ज्योत्सनाला वाटायचं, पोराला गंमत कळते.

पुण्यातला त्यांचा मॅनेजर धनंजय बिरादार. माणूस वाईट नव्हता, पण कायम घोड्यावर. त्याला जगातल्या कुठल्याही कामाबद्दल एकच प्रश्न पडायचा, "झालं का?"

सध्याचं काम होतं दुधाचं. घाटावरची एक खासगी डेअरी, गावोगाव तिची दूध थंड ठेवायची केंद्रं. टाकीतलं दूध तापायला लागलं की केंद्रावरच्या माणसाच्या मोबाइलवर मेसेज जायचा. मेसेज कोण वाचतो? म्हणून आता थेट फोन वाजणारा नवा इशारा करायचा होता. तो सुगतनं लिहिला होता, रुचिता आणि तो मिळून तपासत होते. नवा चालू केला की जुना आपोआप बंद होणार होता, आणि चालू करायची कळ पुण्यात धनंजयच्या हाती होती.

शुक्रवारी धनंजयनं ती कळ दाबली. शनिवारी एका केंद्राचा कॉम्प्रेसर बंद पडला. जुना इशारा मेलेला आणि नवा त्या केंद्राला अजून जोडलेलाच नव्हता. ना मेसेज गेला ना फोन वाजला, केंद्राचा माणूस आपल्या घरी निवांत. येऊन झाकण उघडतो तर आख्खी टाकी नासलेली. डेअरीनं व्हिडिओ पाठवला. पांढरा लोंढा नालीतून वाहत होता आणि काठावर त्या वेळचं दूध घालायला आलेल्या बाया कॅन घेऊन उभ्या होत्या. एक जण नुसती वाहत्या दुधाकडे बघत होती. ज्योत्सनानं सगळा रविवार तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला.

सोमवारी ऑफिस उघडतं न उघडतं तोच धनंजयचा फोन आला. ज्योत्सना बाहेर जिन्यावर गेली.

"सुगतनं मला टेस्टिंग झाली म्हणून सांगितलं," तो म्हणाला. "त्याच्या भरवशावर मी लाइव्ह केलं. आता म्हणतो, मी असं म्हणालोच नाही. चूक झाली तर मी समजून घेतो, ज्योत्सना. पण खोटं बोलणारा माणूस टीममध्ये ठेवता येत नाही."

"कामाच्या बोर्डवर काय होतं, सर?"

"बोर्डवर चालू म्हणूनच होतं. पण तुमचा सुगत बोर्ड वेळेवर कधी बदलतो? तूच म्हणतेस ना मला, बोर्ड नका बघू, त्यालाच विचारा म्हणून?"

हे खरं होतं. तीच म्हणायची.

"संध्याकाळी मोठ्या मॅडम कॉलवर येणार आहेत. चूक कुणाची आणि आपण काय केलं, हे डेअरीला आजच सांगायचंय. तू शुक्रवारी कॉलवर होतीस. तो काय म्हणाला ते तू सांगायचं." मग त्याचा आवाज जरा खाली आला. "शाखाप्रमुख म्हणून तुझं नाव मी पाठवलंय. मॅडम आज तुला पहिल्यांदा ऐकतील. तेवढं लक्षात असू दे."

ती आत आली तर सुगत इन्व्हर्टरपाशी उभा होता. फोन कुणाचा होता हे त्याला सांगायची गरज नव्हती.

"ताई, मी झाली म्हटलंच नाई. कायले म्हनीन? एक सेंटर जोडाचं बाकी होतं, मले माईत होतं."

"म्हणजे सर खोटं बोलतात?"

"तं मी खोटं बोलून राहिलो का?" त्याचा चेहरा लाल झाला होता. "तुमी होत्या ना तिथं. तुमीच सांगा मी काय म्हटलं तं."

ज्योत्सनाला खरोखरच आठवत नव्हतं. रोज तेच चेहरे, तेच प्रश्न, तोच कॉल. कोण नेमकं काय म्हणालं ते कोण ध्यानात ठेवतं? पण एवढं तिला कळत होतं की संध्याकाळी ती जे बोलेल त्यावर या पोराची नोकरी राहील किंवा जाईल. धनंजय सरळ माणूस होता आणि सुगत त्याहून सरळ. दोघांपैकी एक खोटा असलाच पाहिजे आणि दोघंही खोटे वाटत नव्हते.

एरवी एका जागी न बसणारी रुचिता पेनाचं टोपण चावत एकाच पानाकडे बघत बसली होती. खाली एखादा पाइप आपटला की वर सगळे दचकायचे.

दुपारी जिन्यातून हाक आली. खालच्या नाश्त्याच्या गाडीवरचा मंगरू होता. "मॅडम, माही थाळी! शुक्रवारपासून वरच पडली हाये!"

थाळी इन्व्हर्टरवर होती. तळाशी चटणी सुकून काळी पडलेली. ज्योत्सनानं ती उचलली, आणतेच म्हणाली आणि जिन्याच्या चार पायऱ्या उतरून तिथेच थबकली.

शुक्रवारी थाळी आली, म्हणजे आलूबोंडे आले. आलूबोंडे आले, म्हणजे रुचिताचं बोट वर गेलं होतं. कुणावर?

आणि मग सगळं एकदम आठवलं. धनंजय घाईघाईनं म्हणाला होता, "सुगत, इशाऱ्याची टेस्टिंग झाली का?" सुगतचं चित्त जोडायच्या राहिलेल्या त्या केंद्राच्या न वाजणाऱ्या फोनमध्ये अडकलेलं, वाक्य धुवायला त्याला सवड मिळाली नाही. तो म्हणाला, "टेस्टिंग होऊन राहिली, सर." रुचिताचं बोट वर गेलं. सगळ्यांनी तोंड दाबून हसून घेतलं. आणि पुण्याहून धनंजय म्हणाला, "छान. मग पुढचं मी बघतो."

छान. त्याच क्षणी ज्योत्सनाला काहीतरी टोचलं होतं. याला ती झाली असं वाटलं, हे तिला तेव्हाच कळलं होतं. माइक उघडून एवढंच म्हणायचं होतं, "सर, अजून चालू आहे." पण ते म्हटलं असतं तर सुगत नेमकं काय बोलला ते सांगावं लागलं असतं, होऊन राहिली म्हणजे काय ते समजावावं लागलं असतं, आणि पलीकडून कुणीतरी हसलं असतं. नंतर मेसेज टाकू, असं तिनं मनाशी म्हटलं. तेवढ्यात बोंडे आले. गरमागरम, सोबत तळलेल्या मिरच्या. मेसेज राहून गेला.

थाळी हातात तशीच, आणि फोन वाजला. पवनीहून बायाबाई. दुपारचा तिचा फोन कधी चुकायचा नाही.

"जेवली का वं?"

"नाही, आई. कामात आहे जरा. नंतर करते फोन."

"बाप्पा! माह्यासंग बी कचेरीतल्यावानीच बोलून राहिली. मी का तुही सायबीन आहो?"

"तसं नाही गं."

"तं कसं हाये? तुह्या बाबाले म्हटलं बी, पोरीले फोन लावला का कोन उचलते तेच समजत नाई."

बायाबाईनं चिडून फोन ठेवला. ज्योत्सनाला रडू आलं. भर दुपारी, हार्डवेअरच्या जिन्यावर, हातात खरकटी थाळी. मंगरू खालून बघत होता. तो वर आला, तिच्या हातातली थाळी काढून घेतली आणि निघून गेला.

तिनं सुगतला जिन्यावरच बोलावून घेतलं.

"मला आठवलं, सुगत. तू म्हणालास, टेस्टिंग होऊन राहिली."

"हां. मंग? होऊनच राहिली होती. त्यात खोटं काय?"

"त्यांना वाटलं, झाली."

सुगतला हे डोक्यात उतरायला वेळ लागला. उतरलं तेव्हा तो हसला, पण ते हसू बघवत नव्हतं. "म्हनजे सर बी खरे आन् मी बी खरा."

"ऐक. आपण सांगू, आवाज तुटला. नेटवर्क गेलं, अर्धंच वाक्य पोचलं. नेटवर्कला कोणी नोकरीवरून काढत नाही. तू वाचशील, सरही वाचतील."

आणि मीही, हे ती बोलली नाही. पण सुगत काही दुधखुळा नव्हता.

"आवाज नाई तुटला, ताई," तो म्हणाला. "माहा आवाज पुन्याले बराबर पोचला. अर्थ नाई पोचला. आन् दोन्हीकडचं समजनारं मानूस तिथं एकच होतं. सर छान म्हनले, तवा तुमाले समजलं होतं का नाई?"

ज्योत्सना पायरीकडे बघू लागली. तेच उत्तर झालं.

"मले वाटलं, तुमी सांगसान. सर छान म्हनले तं मले बी खटकलं होतं. पन मी आनखी तोंड उघडलं असतं तं आनखी एक थाळी बसली असती. म्हनून गप बसलो." त्याचा आवाज चढला नाही, उलट उतरत गेला. "तुमाले गंमत वाटे. मी आलूबोंडे आनो, सगळे हासत, मी बी हासो. पन घरी गेलो का मायसंग बोलतानी बी मांगं-पुढं पाहो, ताई. का बोललो, बरोबर बोललो का, म्हनून. मायले डोळ्यानं दिसत नाई, आवाजावरच जगते ते. ते म्हने, सुगत, तू असा अडखळून काहून बोलून राहिला?"

ज्योत्सनाला वाटलं, यानं ओरडावं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"नेटवर्कचं सांगाचं असन तं सांगा," सुगत म्हणाला. "मी नाई म्हननार नाई. उद्या मायले घेऊन नागपूरले जाचं हाये, मले नोकरी पाह्यजे. पन मंग त्याच्यानंतर पुन्याच्या कॉलवर मी बोलनार नाई. तुमीच बोलजा माह्याबदली."

तो वर निघून गेला. ज्योत्सना पायरीवर बसून राहिली. जिला लहानपणी बाप नदीवर न्यायचा आणि जी पलीकडच्या काठावरच्या माणसाशी बेंबीच्या देठापासून ओरडून बोलायची, ती हीच मुलगी. तेव्हा तिला कुणाच्या हसण्याचं भय नव्हतं. आता समोरच्याच्या एका हसण्याच्या धास्तीनं तिनं टाकीभर दूध नालीत घालवलं होतं, आणि त्यासोबत एका शहाण्या पोराची जीभही. तिला स्वतःचा भयंकर राग आला. पण राग येणं आणि तोंड उघडणं यात फार अंतर असतं, आणि संध्याकाळपर्यंत नेटवर्क हा शब्द तिच्या जिभेच्या टोकावरून काही खाली उतरला नाही.

संध्याकाळी लॅपटॉपपुढे ती आणि सुगत बसले. बाकीचे आपापल्या जागी काम करण्याचं सोंग घेऊन कान इकडे लावून होते. पडद्यावर धनंजय आणि मोठ्या मॅडम. चित्र लख्ख, आवाज खणखणीत. नेटवर्कनंही त्या दिवशी सूड उगवला होता.

मॅडमनी वेळ घालवला नाही. "ज्योत्सना, तुम्ही शुक्रवारी कॉलवर होता. सुगत काय म्हणाले?"

टेबलाची कड सुगत अंगठ्यानं खरवडत होता. ज्योत्सनानं पाण्याचा घोट घेतला.

"तो म्हणाला, टेस्टिंग होऊन राहिली."

"बघा!" धनंजय म्हणाला. "होऊन राहिली. होऊन गेली, आता राहिली तशी. म्हणजे झाली. मी वेगळं काय सांगतोय?"

"नाही, सर. आमच्याकडे होऊन राहिली म्हणजे झाली नाही. म्हणजे चालू आहे. मी आता बोलून राहिली, म्हणजे अजून बोलतेच आहे. बोलणं संपलं नाही माझं."

मॅडमनी विचारलं, "तुमच्याकडे असं बोलतात, हे इतक्या दिवसांत धनंजयला एकदाही कळलं नाही?"

"कळू दिलं नाही, मॅडम. मी." आणि तिनं सगळं सांगितलं. शब्द, बोट, आलूबोंडे. मोठ्यानं सांगताना तो प्रकार इतका पोरकट वाटत होता की तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "सरांना उलटं समजलं हे मला त्याच वेळी कळलं होतं. मी माइक उघडला नाही."

"का?"

"लाज वाटली."

"कशाची?"

इतक्या वर्षांत जमवलेल्या स्वच्छ मराठीत तिला याचं उत्तर सापडेना. जे होतं ते आधीपासूनच आत होतं आणि ते तसंच बाहेर आलं. "आमच्या बोलन्याची. तुमी हासान म्हनून."

कुणी हसलं नाही. धनंजय इतका वेळ स्तब्ध होता की मागे रुचिताला वाटलं, आता खरंच चित्र अडकलं. मग तो खाली बघत म्हणाला, "आमच्या उदगीरकडं व्हायलंय म्हणतात."

"काय?" मॅडम म्हणाल्या.

"होऊन राहिलंला. व्हायलंय. पुण्यात आलो आणि सोडून दिलं मी ते." त्यानं चष्मा काढून पुसला. "मी विचारायला पाहिजे होतं, मॅडम. बोर्ड बघायला पाहिजे होता. झालं का, एवढंच विचारायची सवय लागलीय." चष्मा पुन्हा चढला आणि त्याच्यासोबत मॅनेजरही परत आला. "पण सुगत खोटं बोलला नाही हे जेवढं खरं, तेवढंच हेही खरं की लीडला कळलं होतं आणि ती बोलली नाही. डेअरीला मला हे सांगावं लागेल, ज्योत्सना."

"सांगा, सर."

"नावासकट."

"नावासकट सांगा."

तिचं नाव डेअरीला गेलं. शाखाप्रमुखपद तर गेलंच, लीडची खुर्चीही गेली. नोकरी तेवढी राहिली. दुसरी व्यवस्था होईपर्यंत टीम सुगतनं सांभाळावी असं मॅडमनी ठरवलं, कारण तिच्यामागोमाग जुना तोच होता. सुगतनं हात जोडून सांगून पाहिलं, मले नको. कुणी ऐकलं नाही. लॅपटॉप मिटला तेव्हा रुचिता कोपऱ्यात रडत होती. बोट तिनंच वर केलं होतं ना. ज्योत्सना तिच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. घाटावरच्या त्या बायांपर्यंत यातलं काही पोचणारही नव्हतं. त्यांच्या लेखी दूध नासलं, एवढंच.

मंगळवारी सुगत आईला घेऊन नागपूरला गेला. बुधवारी सकाळी पुन्हा तोच कॉल, तीच माणसं. फक्त लॅपटॉपपुढच्या खुर्चीवर सुगत होता आणि ज्योत्सना भिंतीकडच्या रांगेत. तिच्याकडे काम दिलं होतं ते दूध नासलेल्या त्याच केंद्राला नवा इशारा जोडायचं.

सुगत एकेकाला विचारत गेला. शेवटी तिची पाळी आली. तो अडखळला. ताई म्हणावं की नुसतं नाव घ्यावं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"ज्योत्सनाताई, तुमचं?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. काम प्रगतिपथावर आहे, हे वाक्य सवयीनं तिच्या ओठांपर्यंत आलं, इस्त्री केलेलं. तिनं ते गिळलं.

"होऊन राहिलं," ती म्हणाली.

रुचिताचा हात सवयीनं उचलला गेला आणि अर्ध्यावरच थांबला. तिनं तो गुपचूप मांडीखाली दाबून धरला. खाली दुकानात पाइप आपटला. मग धनंजयनं विचारलं, "बरं. किती राहिलं?"

"अर्धं," ज्योत्सना म्हणाली.